मोटारघरात घरगुती फ्रीज

अमेरिकेतल्या मोटारघरांत बरेचदा शोषण पद्धतीचा फ्रीज असतो. त्याला कॉम्प्रेसर नसतो. प्रोपेनच्या ज्योतीने किंवा विजेने अमोनियाचे द्रावण तापवून तो गारवा निर्माण करतो. गाडी कलती उभी राहिली की द्रावणाचा प्रवाह अडतो. कडक उन्हाळ्यातही हा फ्रीज कमी पडतो. त्याच्या जागी बसवायचा घरगुती फ्रीज स्वस्त आणि लवकर गार होणारा, पण त्याला १२० व्होल्टची वीज लागते. म्हणजे वाटेत इन्व्हर्टर आणि दमदार बॅटऱ्या हव्यातच, आणि खरा खर्च तिथेच आहे. वीजजोडणीशिवाय रानात मुक्काम करणाऱ्यांनी छतावर सौर पॅनेल नसतील तर हा बदल करू नये. जुनी गॅसनळी जाणकाराकडूनच बंद करून घ्या, आणि धावत्या गाडीत फ्रीजचे दार उघडू नये म्हणून त्याला कडी जरूर लावा.