कॉट्सवोल्ड्सची गावे पाहताना

लंडन पाहून झाले की अनेकांना इंग्लंडमधील खेडी पाहण्याची ओढ लागते. त्यासाठी कॉट्सवोल्ड्स हा टेकड्यांचा प्रदेश सोयीचा आहे. मध्ययुगात लोकरीच्या व्यापारामुळे येथे समृद्धी आली. पुढे हा व्यापार ओसरला, मोठे कारखाने इकडे फारसे आले नाहीत आणि मधाच्या रंगाच्या चुनखडीची घरे टिकून राहिली. बायबरीतील ‘आर्लिंग्टन रो’ ही प्रसिद्ध घरांची रांग मुळात १४व्या शतकातील लोकरीचे कोठार होते. १७व्या शतकात तेथे विणकर राहू लागले.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून मोरटन-इन-मार्श येथे रेल्वेने सुमारे पावणेदोन तासांत पोहोचता येते. पुढच्या बसफेऱ्या मोजक्याच असतात, रविवारी तर त्याहूनही कमी. त्यामुळे वेळापत्रक पाहूनच दिवस निश्चित करावा. शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही, हेही ध्यानात असावे.

एका दिवसात सहा गावे उरकण्याचा मोह टाळावा. बोर्टन-ऑन-द-वॉटर येथे उतरून पायवाटेने लोअर स्लॉटर आणि अप्पर स्लॉटर ही दोन गावे निवांत पाहता येतात. शेतांमधून जाणाऱ्या अशा सार्वजनिक पायवाटांवरून चालण्याचा हक्क तेथील कायद्याने सर्वांना दिला आहे.

मात्र या घरांतून आजही माणसे राहतात. पर्यटकांच्या गाड्यांनी अरुंद रस्ते कोंडतात, त्याचा त्रास त्यांनाच होतो. शक्य असल्यास एक रात्र मुक्काम करावा. सायंकाळी गर्दी परतल्यावर गाव आपल्या मूळ शांततेत भेटते, आणि गावातील खानावळीलाही चार पैसे मिळतात.