गोंदणाऱ्याची सनद

सरकारी कचेरीत एकतीस वर्षे काढून अव्वल कारकुनाच्या पदावरून निवृत्त झालेल्या मनुष्यापाशी जे अनेक दुरभिमान शिल्लक राहतात, त्यांत कोणत्या कामास कोणता कागद लागतो हे आपणांस पुरते ठाऊक आहे, हा बहुधा सर्वांत चिवट असतो, आणि म्हणूनच, गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास माझा भाचा मुंबईहून गुहागरास परत आला आणि खालच्या पाटातील आमच्या घराच्या ओटीलगतच्या खोलीत टॅटूचे दुकान मांडण्याचा विचार त्याने बोलून दाखविला, तेव्हा माझी बहीण कपाळाला हात लावून बसली असता मी मात्र मोठ्या शांतपणे म्हणालो, "परवान्याचे मी पाहतो." दोन दिवसांत कागद हाती येईल अशी माझी अटकळ होती. त्या गोष्टीस आता आठ महिने होत आले.

टॅटू हा शब्द त्याच्या तोंडी सहज बसतो; माझ्या बसत नाही. मी गोंदण म्हणतो, कारण माझ्या आजीच्या उजव्या मनगटावर तुळशीवृंदावन होते, हनुवटीवर एक व कपाळावर एक ठिपका होता, आणि मेल्यावर दागिने काढून घेतात परंतु गोंदण कोणी काढून घेत नाही, हे तिचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते माझ्याही अंगावर गोंदल्यासारखेच झाले आहे. भात झोडून झाले की गोंदणारीण वाडीवाडीतून हिंडत येई. तिच्यापाशी दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुयांची जुडी आणि काजळाची डबी, एवढाच सरंजाम असे. पोरीचा हात धरून ती बोलत बोलत काम उरकी, आणि मोबदला म्हणून सुपात तांदूळ घेऊन पुढच्या घरी जाई. तिची सुई मागच्या घरी कोणाच्या रक्तात बुडाली होती हे तिला कोणी विचारले नाही, तसेच तिचा परवानाही कोणी पाहिला नाही.

पहिल्या दिवशी आम्ही सेवा केंद्रात गेलो. दुकानदाराच्या ज्या कागदाला लोक अजूनही 'गुमास्ता' म्हणतात, त्याचे मूळ १९४८ च्या कायद्यात होते; त्याची जागा आता महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ याने घेतली असून, वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानास नोंदणीचीही गरज उरलेली नाही, धंदा सुरू झाल्यापासून साठ दिवसांत केवळ सूचना दिली की पुरते. सूचनेची पोच मिळते, तोच कागद. संगणकापाशी बसलेल्या मुलाने नाव, पत्ता, कामगारांची संख्या भराभर भरली आणि 'व्यवसायाचे स्वरूप' या रकान्यापाशी येऊन तो थांबला. "काय लिहू? ब्यूटी पार्लर?" भाचा म्हणाला, "टॅटू स्टुडिओ लिही." त्याने लिहिले आणि पोच छापून निघाली. मी तो कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात अमुक खोलीत अमुक नावाचे दुकान आहे एवढेच म्हटले होते. शेजारी वडापावची गाडी लावणारा मनुष्यही त्याच दिवशी तसाच कागद घेऊन गेला. दुकान आहे, हे सरकारला कळले होते. दुकानातील हाताला काही येते किंवा कसे, याची पृच्छा त्या फॉर्मात कोठेही नव्हती.

तेव्हा मी इरेला पेटलो. ज्या ज्या दप्तरात हा धंदा सापडण्याचा संभव होता ते ते मी धुंडाळले, आणि तो मला सापडला तो अशा संगतीत की पुष्कळ वेळ एकटाच हसत बसलो: संयुक्त राष्ट्रसंघाने जगातील उद्योगांची जी वर्गवारी केली आहे, व जिच्यावर आपली राष्ट्रीय वर्गवारी बेतलेली आहे, तिच्यातील ९६०९ या वर्गात गोंदणाऱ्यास ज्योतिषी, विवाहमंडळे, बूटपॉलिशवाले आणि हमाल यांच्या पंक्तीस बसविले आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत दवाखाने, प्रयोगशाळा, रक्तपेढ्या, फार काय शाळेतील प्रथमोपचाराची खोलीदेखील नावानिशी आली आहे. दिवसाकाठी अनेकांच्या कातडीत सुई खुपसणारा हा गृहस्थ मात्र तेथे नावाने नाही. गोंदणे हे काम करण्यास मनुष्य लायक आहे असे प्रमाणित करणारा कायदा देशात नाही, हे कळण्यास मला एका परिचित वकिलाकडे जावे लागले, आणि त्यांनी चहा येण्यापूर्वीच ते सांगून टाकले.

"परंतु", ते चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या भाच्याला तारणारे एक कलम आहे." ते कलम भारतीय न्याय संहितेचे पंचविसावे, जुन्या दंडसंहितेचे सत्त्याऐंशीवे. अठरा वर्षांवरील मनुष्याने स्वतःच्या संमतीने पत्करलेली इजा, ती मृत्यूच्या किंवा जबर दुखापतीच्या हेतूने अथवा तशी संभाव्यता जाणून केलेली नसेल तर, अपराध होत नाही, असा त्याचा आशय; आणि त्याचे उदाहरण म्हणून दोन इसम करमणुकीखातर तलवारीचे हात खेळतात व नियमाने खेळताना एकाकडून दुसऱ्यास जखम होते, असा प्रसंग १८६० पासून दिलेला आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने माझा भाचा आणि त्याचे गिऱ्हाईक हे दोघे पटाईत होत. एकाच्या हाती सुई, दुसऱ्याच्या हाती काही नाही, एवढाच फरक.

इतर देशांनी या प्रश्नाशी केलेल्या झटापटी पाहिल्या म्हणजे आपल्या मौनाचेही फारसे वाईट वाटत नाही. न्यूयॉर्क शहराने काविळीच्या भयाने १९६१ साली गोंदण्यावर बंदीच घातली, ती १९९७ पर्यंत टिकली, आणि मग तेथील आरोग्य खात्याने संसर्गप्रतिबंधाचा अभ्यासक्रम व परीक्षा ठेवून परवाने देण्यास आरंभ केला. जपानात ओसाकाच्या एका गोंदणाऱ्यावर वैद्यकीय परवान्यावाचून वैद्यकी केल्याचा आरोप ठेवण्यात आला. खालच्या न्यायालयाने त्यास दोषी ठरविले, वरच्याने सोडले, आणि २०२० च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोंदणे ही वैद्यकी नव्हे असा निर्वाळा दिला. दक्षिण कोरियात १९९२ च्या एका निकालामुळे डॉक्टरांखेरीज इतरांस हे काम निषिद्ध होते, तेथील संसदेने २०२५ च्या सप्टेंबरात त्या इतरांना मुभा देणारा कायदा संमत केला, तोही दोन वर्षांच्या मुदतीने अमलात यावयाचा. मला मनापासून आवडली ती वेल्सची तऱ्हा. तेथे २०२४ च्या नोव्हेंबरपासून दोन निरनिराळे कागद लागतात: एक गोंदणाऱ्या माणसाचा आणि एक जागेचा. हाताला एक, खोलीला एक. आमच्यापाशी खोलीचा होता.

येथे थोडे विषयांतर होईल. परंतु गोंदण आणि सरकार यांचा आपल्या देशात कधीच संबंध आला नाही असे मात्र नाही. कंपनी सरकारने १७९७ च्या बंगालमधील कानूनान्वये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळी त्यांचा गुन्हा गोंदविण्याची चाल पाडली होती, आणि ती १८४९ साली रद्द होईतो माणसाचे कपाळ हेच एक सरकारी दप्तर होऊन राहिले होते. कारकुनीत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्याला ही हकीकत वाचून काही काळ आपल्या शिक्क्याचीही लाज वाटली.

हाताची परीक्षा कोणी घेत नसेल तर ती आपणच घ्यावी, म्हणून मी रोज दुपारी भाच्याच्या खोलीत जाऊन बसू लागलो. मुंबईस तो ज्या उस्तादाजवळ दीड वर्ष राहिला, त्याने पहिले सहा महिने त्याच्याकडून केवळ फरशी पुसणे, शाईच्या टोप्या मांडणे आणि हत्यारे निर्जंतुक करणे एवढेच करविले. शेवटी एक जाड, सोनेरी वेलबुट्टीचे प्रमाणपत्रही मिळाले. त्याची सरकारदरबारी किंमत शून्य आहे हे भाच्यास माझ्याआधी ठाऊक होते, म्हणून त्याने ते ट्रंकेत ठेवले आणि मला केळी आणावयास धाडले.

केळीच का, हे त्याने करून दाखविले. हिरवट सालीवर छापील नक्षी उमटवून त्याने डाव्या हाताने साल ताणून धरली. यंत्र गांधीलमाशीसारखे गुणगुणू लागले. रांगोळीची रेघ ओढणाऱ्या बाईचा हात पीठ सुटण्यापूर्वीच चालू झालेला असतो, तसा सुई टेकण्यापूर्वीच त्याचा हात चालू लागला. मी भिंग लावून पाहत होतो. जेथे सुई वरच्यावर गेली तेथली शाई फडक्याच्या एका फटकाऱ्याने पुसून गेली. जेथे खोल गेली तेथे रेघ फुटून तिच्या काठाने निळसर धूर पसरला. आणि या दोहोंच्या मधोमध केसाएवढ्या पट्टीत ती स्वच्छ, काळीभोर बसली. माणसाच्या कातडीत ही पट्टी वरच्या पापुद्र्याखाली, एकदोन मिलिमीटर खोलीवर असते; तेथे शरीरातील रक्षक पेशी शाईचे कण परके म्हणून गिळतात आणि पचविता न आल्यामुळे पोटात धरून बसतात, म्हणूनच गोंदण टिकते. आजीची तुळस साठ वर्षे टिकली ती या अपचनामुळे. "मामा, साल कळली की मग सुईकडे पाहायचे नाही, ताणलेल्या कातडीकडे पाहायचे," तो म्हणाला. दोन महिने आमच्या घरी काळ्या नक्षीची केळी साचत राहिली. ती सोलून शिकरण करण्यास बहीण काही केल्या तयार होईना.

परवाना नाही म्हणून त्याने स्वतःसाठी जे नियम लावून घेतले ते कोणत्याही खात्याने केले असते त्याहून कडक निघाले. काविळीच्या लसीच्या तीन मात्रा त्याने आरंभी, महिन्याने व सहाव्या महिन्यात अशा घेतल्या, आणि तिसरी होईपर्यंत माणसास हात लावला नाही. सुई एका माणसास एकदाच. मग ती न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात, आणि डबा गावातल्या डॉक्टरांच्या कचऱ्याबरोबर रवाना, ही व्यवस्था त्याने त्यांच्याशी बोलून ठरविली. यंत्राच्या मुठी निर्जंतुक करण्यास १२१ अंश उष्णता व १५ पौंड दाब देणारे एक भांडे आले. बहिणीने ते निरखून पाहिले आणि डाळ किती शिट्ट्यांत शिजेल एवढेच विचारले. संमतिपत्राचा मसुदा मात्र मी केला, आणि त्यात अकरा कलमे घातली. त्यांतील एक भाच्याच्या आग्रहाने आले: सैन्यात भरती व्हावयाचे आहे काय? कारण सैन्यात गोंदण चालते ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूस आणि तळहाताच्या पाठीवर, अन्यत्र नाही, जमातीच्या रूढीने असलेले सोडून. आणि आपल्या जिल्ह्यातील पोरे समुद्रकिनारी सुरूच्या बनात पहाटे धावण्याचा सराव करतात ती कशासाठी, हे येथे कोणास सांगावे लागत नाही. दंडावर वाघ मागणाऱ्या अशा एका मुलास त्याने तसाच परत पाठविला.

गेल्या महिन्यात वरच्या पाटातील एक म्हातारी आली. पूर्वी आमच्या वाडीत सुपारी सोलावयास येत असे. हातावरची तुळस पुसट होऊन नुसती हिरवी सावली उरली होती; ती पुन्हा काळी करून हवी होती.

"आजी, आधार कार्ड आणलंय?" भाच्याने विचारले.

"मेल्या, सोयरीक जुळवतोस काय?" ती म्हणाली, परंतु कार्ड निघाले. त्यावर जन्मतारीख १ जानेवारी. तालुक्यातील म्हाताऱ्यांपैकी निम्मे लोक त्याच दिवशी जन्मले आहेत, हे मी कचेरीत असल्यापासून जाणतो. सातव्या कलमापाशी मधुमेह आला. "साखर हाय ना. गोळी घेतंय." भाच्याने यंत्राचे बटण बंद केले आणि आधी डॉक्टरांना विचारून या म्हणून सांगितले. पूर्वीची बाय असले काही विचारीत नव्हती, असे म्हणत, काठी आपटीत ती पायऱ्या उतरून गेली. बाहेर पाऊस नुकता सुरू झाला होता. मला वाटले, ही काही आता परत येत नाही.

आठव्या दिवशी ती आली. पदराच्या गाठीतून चौघडी केलेला कागद तिने माझ्यापुढे ठेवला: साखर आटोक्यात आहे, मनगटावर गोंदण्यास हरकत नाही. मी सवयीने तारीख पाहिली, सही पाहिली, शिक्का पाहिला, कोपऱ्यात आवक क्रमांक १ घालून भोक पाडले आणि गुमास्त्याच्या पोचेवर तो कागद ओवला. तोपर्यंत म्हातारी खुर्चीत बसली होती. हात तिने टेकणावर पालथा ठेवला होता, आणि तांदूळ किती घेणार ते आधी बोल, म्हणून ती भाच्याशी घासाघीस करीत होती.