तुळस कोणती लावावी?



रोपे विकणाऱ्याकडे जाऊन "तुळशीचे रोप द्या" म्हणणे म्हणजे वाण्याकडे जाऊन "धान्य द्या" म्हणण्यासारखेच आहे. वाणी लगेच विचारील, ज्वारी की बाजरी? तुळशीच्या बाबतीत मात्र कोणी काही विचारत नाही. हाताला येईल ते रोप आपण आणतो, लावतो, आणि वर्षभराने ध्यानात येते की आपल्याला हवी होती ती ही नव्हे.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. वनस्पतिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण दोनदा फसलो, आणि फसलेला माणूस जरा नीट शिकतो. एकदा कोणीतरी "रामतुळस" म्हणून दिलेले रोप मी वृंदावनात लावले. ते वाढता वाढता माझ्या डोक्याच्या वर गेले! पाने वीतभर नाहीत, पण बोटाएवढी लांब. वास थेट लवंगेचा. ती थोर जातीची तुळस होती. आपल्याकडे साध्या हिरव्या तुळशीलाही रामतुळस म्हणतात आणि या थोराड झुडपालाही. रानतुळस, वनतुळस या नावांचाही असाच घोटाळा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. खुद्द लिनिअसने आपल्या घरच्या तुळशीला १७५३ साली 'ऑसिमम टेन्युइफ्लोरम' म्हटले आणि १७६७ साली त्याच झाडाला 'ऑसिमम सँक्टम' असे दुसरे नाव दिले. तेव्हा माझे पहिले सांगणे हे, की नावावर जाऊ नका. पान चुरगाळा, वास घ्या, आणि आपल्याला ती कशासाठी हवी हे आधी ठरवा.

वृंदावनासाठी, चहाकाढ्यात चार पाने टाकण्यासाठी हवी ती घरची तुळस. पान लहान, कडेला दातेरी, कोवळ्या दांड्यावर बारीक लव. हिरवी आणि काळी, म्हणजे कृष्णतुळस, हे तिचे दोन प्रकार. काळीला भरपूर ऊन द्या. सावलीत तीही हिरवट पडते. जुने खोड लाकडासारखे कठीण होते; वारकऱ्यांच्या गळ्यातली माळ त्याच लाकडाची.

उन्हाळ्यात सरबतात घालायला बी हवे असेल, तर सब्जा लावा. त्याचे पान मोठे, गुळगुळीत, तकतकीत, फूल पांढरट. हे वर्षाचे झाड. बी पिकले की त्याचे आयुष्य संपत येते. शहरात 'बेसिल' म्हणून परदेशी पदार्थांवर घालतात ती पाने याच जातीची बरं का. फक्त वाण वेगळा. बाजारात मिळणारा 'चिया' मात्र सब्जा नव्हे. तो मूळचा मेक्सिकोकडचा. सब्जाचे बी काळे, चियाचे करडे आणि ठिपक्यांचे. सब्जा नेहमी भिजवूनच घ्यावा. कोरडे बी मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये, ते घशात फुगते.

कुंपणाच्या कडेला दोन-चार वर्षे टिकणारे झुडूप हवे असेल, तर ती लवंगेच्या वासाची थोर तुळस चांगली. लवंगेत जे युजेनॉल नावाचे द्रव्य असते, तेच हिच्या तेलातही सापडते. आणि चौथी कापूरतुळस. ही मूळची पूर्व आफ्रिकेतली. पान करडसर, चुरगाळले की कापराचा वास. वाळवून कपड्यांच्या पेटीत ठेवायला ठीक. ही चहात मात्र घालू नका.

शिक्षक मित्रहो, शाळेच्या बागेत हे चार प्रकार लावलेत तर एक सुंदर पाठ तयार होईल. मुलांना डोळे मिटून दांडा चाचपायला सांगा. तो गोल नाही, चौकोनी आहे! समोरासमोर पानांच्या जोड्या. पुदिन्यातही हेच दिसेल, कारण दोघांचे कूळ एक. मग दोन वाट्यांत पाणी घेऊन एकीत सब्जाचे बी टाका, दुसरीत तुळशीचे. सब्जा थोड्याच वेळात बुळबुळीत, पांढुरके अंगरखे घालून फुगेल. तुळशीचे बी तितके फुगणार नाही. विकत आणलेले बी कशाचे, हे असे पाण्यात कळते.

लागवड अवघड नाही. बी फार बारीक, म्हणून वाळूत किंवा राखेत मिसळून गादीवाफ्यावर पसरा, वर पातळसे शेणखत भुरभुरा आणि झारीने पाणी द्या. आठदहा दिवसांत उगवण दिसते. रोपे चार बोटे झाली, पावसाने जम धरला, की हलवा. घरच्या तुळशीला आणि सब्जाला दीड फुटाचे अंतर पुरे. थोर तुळशीला आणि कापूरतुळशीला तीन फूट तरी हवे. कोकणातल्या माझ्या श्रोत्यांनी उंचवट्यावर लावावे. तुळस उन्हाने सहसा मरत नाही, मुळाशी साचलेल्या पाण्याने मरते. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात. बी धरू दिले की झाड लवकर थकते.

आता दुसऱ्या फसगतीची गोष्ट. माझ्या आईने कितीतरी वर्षे सांभाळलेली काळीभोर तुळस आमच्या दारी होती. झाड म्हातारे झाले की त्याच्याच खाली उगवलेले रोप ती पुन्हा वृंदावनात लावी. मी हौसेने शेजारच्या कुंडीत हिरवी तुळस आणून लावली. पुढे खाली जी रोपे निघाली ती काही हिरवी, काही अर्धवट जांभळी. मधमाश्यांनी आपले काम केले होते. आईची तुळस माझ्या हौसेपायी गेली.

म्हणून सांगतो, जागा थोडी असेल तर तुळस आणि सब्जा शेजारी शेजारी चालतील, त्यांचा सहसा संकर होत नाही. पण बी धरायचे असेल तर काळी आणि हिरवी जवळ लावू नका. सब्जाचे दोन वाणही जवळ नकोत. रानातली बारीक पानांची रानतुळसही सब्जापासून दूर ठेवा. लिंबाच्या वासाची तुळस त्या दोघांच्या संकरातूनच आली आहे. जुने झाड जसेच्या तसे राखायचे असेल तर बियांवर विसंबू नका. पावसाळा सरता सरता वीतभर कोवळी फांदी कापा, खालची पाने काढून ओल्या वाळूत खोचा आणि सावलीत ठेवा. काही आठवड्यांत मुळे धरतात. बियाला दोन आईबाप असतात, फांदीला एकच. ती आईसारखीच होते.

माझ्या धाकट्या बहिणीने सासरी जाताना आईच्या तुळशीचे एक रोप नेले होते. तिच्या अंगणात दुसरी तुळस नव्हती. मागल्या आश्विनात तिथून मी तीन फांद्या आणल्या. दोन वाळल्या, एक जगली. तुमच्या गावातही कुणा आजीच्या दारी अशी जुनी तुळस असेल. येत्या पावसाळ्यानंतर मुलांना घेऊन जा, आजींना विचारा आणि एक फांदी मागून आणा. फक्त त्या दिवशी द्वादशी नाही ना, तेवढे पाहून जा. नाहीतर आजी तुळशीला हात लावू देणार नाहीत!