परत पाठवण्याआधी मूल कुठे ठेवायचे?

वढू बुद्रुक म्हटले की छत्रपती संभाजी महाराजांची समाधी डोळ्यांसमोर येते. पण गावातून निघून कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर असा फेरा मारला की कारखान्यांचा पट्टा लागतो आणि त्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, पश्चिम बंगाल अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे इथे राहतात. त्यांच्यात कधीकधी सीमेपलीकडून विनापरवाना आलेली माणसेही सापडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच शिरूर तालुक्यातील रांजणगाव एमआयडीसी परिसरातून पोलिसांनी २१ बांगलादेशी नागरिकांना अटक केली होती. किती जण पकडले, कोणती बनावट कागदपत्रे मिळाली, हे अशा बातम्यांत असते. पकडलेल्या घरात लहान मूल असेल तर त्याचे पुढे काय होते, हे सहसा छापून येत नाही.

विनापरवाना आलेल्या परदेशी नागरिकाला परत पाठवण्याचा सरकारचा अधिकार इथे वादाचा नाही. प्रश्न मधल्या काळाचा आहे. अटक, खटला, शिक्षा, मग हा आमचाच नागरिक असे त्या देशाने मान्य करणे, प्रवासाची कागदपत्रे, यात महिनेच्या महिने जातात. पडताळणी घाईत उरकली तर काय होते तेही दिसले आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात काम करणारे पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सीमेपलीकडे पाठवले गेले आणि ते भारतीय असल्याचे कळल्यावर त्यांना परत आणावे लागले. म्हणजे पडताळणीला वेळ हा हवाच. तेवढा वेळ मूल कुठे राहणार?

सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल तुरुंगात आईजवळ राहू शकते. त्याला पाळणाघर, आहार, लसीकरण मिळाले पाहिजे, असेही तो निकाल सांगतो. त्याहून मोठ्या मुलाला बाहेर सांभाळणारे कोणी नसेल तर ते बाल कल्याण समितीमार्फत बालगृहात जाते. वडील पुरुषांच्या बराकीत. एका खोलीत राहणारे कुटुंब असे तीन ठिकाणी विभागले जाते.

लहान मुलाला कुलूप कळत नाही, पण आईचा चेहरा कळतो. धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पिट्यूटरीला आणि तिथून मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, कॉर्टिसोल वाढते. मूल रडते, आई उचलून घेते, पातळी खाली येते. रोजच्या ताणाचे चक्र असे पूर्ण होते आणि त्यात अपाय काही नाही. आईच घाबरलेली असेल, किंवा जवळच नसेल, तर हे चक्र पूर्ण होत नाही. कॉर्टिसोल दीर्घकाळ चढे राहिले की झोप, भूक, वाढ, स्मरणशक्ती, प्रतिकारशक्ती या सगळ्यांवर परिणाम होतो. बोलू लागलेले मूल गप्प होते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येते, रात्री किंचाळून उठते, आईचा पदर सोडत नाही. मोठ्या मुलांत पोटदुखी आणि डोकेदुखी दिसते आणि सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात. अंगावर पाजणाऱ्या आईला ताणामुळे पान्हा फुटायला अडचण येते, मग बाळ आणखी रडते. दाटीवाटीच्या जागेत कांजिण्या, गोवर, खरूज, जुलाब ही तर ठरलेलीच.

हे अंदाज नव्हेत. ब्रिटनमधील एका केंद्रात ठेवलेल्या २४ मुलांची डॉक्टरांनी तपासणी केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञाने पाहिलेल्या प्रत्येक मुलात नैराश्य आणि चिंतेची लक्षणे होती. अमेरिकेतील एका केंद्रात आईसोबत असलेल्या ४२५ मुलांच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश मुलांच्या भावनिक तक्रारी काळजी करण्याइतक्या होत्या. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितले, की थोड्या काळाची स्थानबद्धताही मुलाला सुरक्षित म्हणता येत नाही आणि आईवडिलांसोबत कोंडणे हाही त्यावरचा उपाय नाही. २०१६ मध्ये ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी एका भाजलेल्या बाळाला नाऊरूच्या छावणीत परत जावे लागेल म्हणून रुग्णालयातून घरी सोडण्यास नकार दिला होता. एरवी खाट रिकामी व्हायची वाट पाहणारे डॉक्टर असे वागतात, तेव्हा त्यामागे कारण तसेच असते.

मग पर्याय काय? बेल्जियमने ऑक्टोबर २००८ पासून अशा कुटुंबांसाठी साधी घरे ठेवली. कुटुंब एकत्र राहते, मुले शाळेत जातात आणि सरकारने नेमलेला एक मार्गदर्शक कागदपत्रांपासून परतीच्या तिकिटापर्यंत सोबत असतो. काही कुटुंबे पसार झालीच, ते लपवायचे कारण नाही. तरीही २०२४ मध्ये तिथे मुलांच्या स्थानबद्धतेवर कायद्यानेच बंदी आली. थायलंडनेही २०१९ मध्ये मुलांना स्थानबद्धता केंद्रांबाहेर ठेवण्याचा सरकारी करार केला.

सर्वांत बोलके आकडे अमेरिकेचे आहेत. जानेवारी २०१६ ते जून २०१७ या काळात पाच शहरी भागांत गरोदर स्त्रिया आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांना बाहेर राहू देऊन प्रत्येकामागे एक समाजसेवक दिला. ठरलेल्या हजेरीला ९९ टक्के वेळा ही माणसे आली, न्यायालयात १०० टक्के, आणि ९५४ पैकी २३ जण पसार झाले. खर्च एका कुटुंबामागे दिवसाला सुमारे ३६ डॉलर, बंदिस्त केंद्राच्या मानाने अगदीच किरकोळ. खटले संपण्याआधीच कार्यक्रम गुंडाळला गेल्याने प्रत्यक्ष परत गेलेली कुटुंबे मात्र थोडी होती. माणसे हजर राहतात, एवढे त्यातून नक्की कळले.

आपल्याकडे हे परके वाटायला नको. आसाममध्ये दीर्घकाळ स्थानबद्ध असलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जामीनदार, बोटांचे ठसे आणि दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी या अटींवर सोडण्यास सांगितले होते. एप्रिल २०२० मध्ये अटी आणखी सैल केल्या. बाल न्याय कायदा २०१५ मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो. त्याच्या व्याख्येत मूल म्हणजे १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. ‘नागरिक’ हा शब्द तिथे नाही.

वढू बुद्रुक किंवा सणसवाडीच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही. पोलीस ठाण्याची हजेरी आहे, भाडेकरूची नोंद देणारा घरमालक आहे, अंगणवाडी आहे, दारोदार फिरणारी आशाताई आहे. निदान आईला तरी हजेरीच्या अटीवर मुलांसोबत बाहेर राहू देता येईल का, हे न्यायालयापुढे पहिल्याच दिवशी मांडले जावे.

आणि अटक करताना एक साधी गोष्ट. मुलाचे लसीकरण कार्ड बहुतेक वेळा खोलीतच राहते. ते आईची औषधे आणि मुलाच्या कपड्यांसोबत उचलून घ्यावे. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात असतो. कार्ड हाती असेल तर तुरुंगातल्या, बालगृहातल्या किंवा सीमेपलीकडच्या परिचारिकेला पुढचा डोस कधी द्यायचा ते लगेच कळेल.