मुलांचा करोना : एका आजाराची बदलती रूपे

एखाद्या रोगाचे नाव एकदा ठरले, की त्याचा स्वभावही कायमचा ठरला, अशी आपली समजूत होते. करोनाने ही समजूत खोटी ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी जी आणीबाणी जाहीर केली, ती ५ मे २०२३ रोजी उठविली. ह्या सव्वातीन वर्षांत मुलांमधील आजार निदान तीनदा पालटला. तो का पालटला, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

पहिल्या काही महिन्यांत जगभर एक नवल दिसले. घरातील आजोबा अत्यवस्थ होत, आणि त्याच घरातील नातू दोन दिवसांच्या तापावर मोकळा होई. ह्याची कारणे पुढे संशोधनातून उलगडू लागली. पेशीत शिरताना विषाणूला ज्या रेणूचा आधार लागतो, तो मुलांच्या नाकातील पेशींत प्रौढांपेक्षा कमी आढळला. शिवाय मुलांच्या नाकातील संरक्षक पेशी जणू आधीच सज्ज असतात. विषाणू आत येताच त्या चटकन प्रतिकार सुरू करतात.

परंतु एवढ्यावर निश्चिंत होता आले नाही. एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधील डॉक्टरांना एक वेगळाच प्रकार दिसला. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना तीव्र ताप येई, अंगावर पुरळ उठे, डोळे लाल होत, पोट दुखे, आणि कधी हृदयही दुबळे होई. जपानमध्ये डॉ. तोमिसाकु कावासाकी ह्यांनी १९६७ साली वर्णिलेल्या रोगाशी ह्याचे साम्य होते. येथे विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचाच अनावर प्रतिकार घात करीत होता. शत्रू निघून गेला, तरी पहारेकरी घरातच तलवार चालवीत राहिला! हजारो बाधित मुलांत एखाद्यासच हा विकार होई; वेळीच ओळखल्यास प्रतिद्रव्यांची शिरेतून दिलेली मात्रा आणि स्टेरॉइड ह्यांनी बहुतेक मुले बरी होत.

मग २०२१ साली डेल्टा आला. आपल्याकडील दुसरी लाट त्याचीच. मुले पूर्वीपेक्षा अधिक संख्येने बाधित झाली, आणि ‘तिसरी लाट मुलांवर येणार’ ही भीती घरोघर पसरली. महाराष्ट्र शासनाने बालरोगतज्ज्ञांचा कृतिगटही नेमला. तयारी योग्यच होती. भीतीला मात्र पुरेसा आधार नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्ततपासणी केली, तेव्हा सहा ते सतरा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांत करोनाची प्रतिद्रव्ये सापडली. म्हणजे बहुसंख्य मुलांना रोग होऊन गेला होता, आणि पुष्कळांच्या आईबापांना त्याचा पत्ताही नव्हता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या भागात ओमिक्रॉन ओळखला गेला. हा फुप्फुसात खोल उतरण्यापेक्षा घसा व वरची श्वासनलिका ह्यांत अधिक रमे. मोठ्यांच्या रुंद नळीला थोडी सूज आली तरी चालते. तान्ह्याच्या अरुंद नळीला तीच सूज भारी पडते. म्हणून लहानग्यांत भुंकल्यासारखा घोगरा खोकला आणि तापातील झटके वाढले. उलट, तो उशिरा येणारा दाहविकार पुष्कळ कमी झाला. आधीची लागण आणि लस ह्यांनी आलेली प्रतिकारशक्ती हे त्याचे एक कारण मानले जाते. भारतात पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना लस ३ जानेवारी २०२२ पासून, तर बारा ते चौदा वर्षांच्यांना १६ मार्चपासून मिळू लागली.

येथे एक कोडे पडते. ओमिक्रॉन सौम्य, तर अनेक देशांतील रुग्णालयांत मुले अधिक का आली? उत्तर शाळेतल्या अपूर्णांकात आहे. प्रत्येक मुलाचा धोका कमी झाला, पण बाधितांची संख्या प्रचंड वाढली. मोठ्या संख्येचा लहान हिस्सादेखील मोठाच असतो. वर्तमानपत्रातला आकडा वाचताना ‘कितींपैकी?’ हा प्रश्न आपण विसरता कामा नये.

आणि शेवटी एक हिशेब राहतोच. आपण करोनाकडे पाहत असताना दुसरे दार उघडे राहिले. २०२० साली जगातील सुमारे दोन कोटी तीस लक्ष बालकांच्या नेहमीच्या लशी चुकल्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली. दगावलेली मुले बहुतेक लस न घेतलेली होती. रोग रूप बदलतो, तेव्हा आपली सावधगिरीही बदलली पाहिजे. पण सावधगिरी बदलताना जुन्या शत्रूंना विसरून चालत नाही. आज घरी गेल्यावर आपल्या मुलानातवंडांचे लसीकरणाचे कार्ड एकदा काढून पाहा. एखादी लस राहिलेली दिसली, तर ह्या व्याख्यानाचा उपयोग झाला असे मी समजेन.