हासळीखालची डबी

"शीर सापडत नाहीये, दुसरा हात बघू." सिस्टर मनगटावर टिचक्या मारते, हात उजेडाकडे वळवते. आईच्या मांडीवरचं पोर आधीच आक्रसलेलं. तिसऱ्यांदा टोचलेली सुई निसटते, हात फुगतो, आणि आईच्या डोळ्यांत पाणी येतं.

रक्ताच्या कर्करोगाचे उपचार बऱ्याचदा दोन-तीन वर्षं चालतात. व्हिन्क्रिस्टिनसारखं औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी आतून जळते. म्हणून डॉक्टर पोर्ट सुचवतात. खंडवा, बऱ्हाणपूर, खरगोनहून इंदूरला मूल घेऊन आलेल्या आईवडिलांना वाटतं, छातीत एखादं यंत्र बसवणार. पण त्यात बॅटरी नाही, तार नाही. टायटॅनियमची किंवा प्लास्टिकची एक छोटी डबी, वर सिलिकॉनचा जाड पडदा आणि खाली जोडलेली मऊ नळी, एवढंच. सगळं कातडीखाली राहतं. 1982 साली हे साधन वैद्यकीय नियतकालिकांत पहिल्यांदा मांडलं गेलं. त्याआधीच्या नळ्यांचं टोक अंगाबाहेर लोंबायचं, त्यामुळे आंघोळीची आणि जंतूंची सतत धास्ती.

बसवण्याआधी रक्तातल्या प्लेटलेट पाहतात. साधारण 50,000 च्या वर हव्यात, कमी असतील तर चढवतात. मूल पूर्ण भुलीत असतं. खांद्याखाली कापडाची घडी, मान डावीकडे, डोकं किंचित खाली. डोकं खाली ठेवण्यामागे कारण आहे: मानेची शीर भरून टपोरी होते आणि हवा आत ओढली जाण्याचा धोका कमी होतो.

खरा प्रश्न शिरेत शिरायचं कसं, हा. जुनी रीत कापून: मानेजवळ छोटा छेद, शीर उघडी करायची, तिला बारीक चीर देऊन नळी आत सरकवायची. डोळ्यांना सगळं दिसतं, पण बऱ्याचदा ती शीर बांधावी लागते, म्हणजे पुढच्या वेळेसाठी ती गेली. दुसरी रीत टोचून. सोनोग्राफीच्या पडद्यावर मानेतली मोठी शीर काळ्या गोलासारखी दिसते. दाबली की चपटी होते, शेजारची धमनी मात्र धडधडत राहते. सुई आत गेली, गडद रक्त आलं, की सुईतून तार सरकवतात, सुई काढतात आणि तारेवरून पुढचं साहित्य नेतात. तारेची ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये मांडली. शेवटी तारेवरून एक म्यान घालतात, त्यातून नळी आत सोडतात आणि म्यान केळीच्या सालीसारखं दोन्हीकडे सोलून काढतात. माझं मत विचाराल तर सोनोग्राफी आणि ती हाताळणारा सरावाचा हात असेल तर टोचूनच करावं, कारण मुलाची प्रत्येक शीर पुढे लागणार आहे. ती सोय नसेल तर अंदाजाने सुई खुपसत बसण्यापेक्षा कापून केलेलं काम कितीतरी सुरक्षित. उजवी बाजू आवडती, कारण तिथून हृदयाकडची वाट सरळ आहे.

मग हासळीच्या हाडाखाली, छातीच्या स्नायूवर कातडीचा खिसा करतात. तिथून मानेपर्यंत नळी कातडीखालून बोगद्यासारखी नेतात. टोक कुठे थांबावं? वरची महाशीर हृदयाला मिळते तिथे. वर राहिलं तर गुठळी धरते, फार खोल गेलं तर ठोके बिघडतात. म्हणून ऑपरेशन चालू असतानाच सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर जागा बघून नळी कापतात. मूल वाढतं तसं टोक आपोआप वर सरकतं, हे लहान मुलांत विसरून चालत नाही.

डबी खिशात टाक्यांनी बांधतात. शिवणीची रेघ तिच्यावर येऊ देत नाहीत, कारण प्रत्येक वेळी सुई तिथेच टोचायची. ही सुईही वेगळी, वाकड्या टोकाची. ती पडद्याचा तुकडा काढत नाही, फक्त वाट करते. टोचण्याआधी बधिर करणारं मलम लावून तासभर थांबलं तर पोर दचकतही नाही. सुई डबीच्या तळाला लागली की बोटांना टक् जाणवतं. सिस्टर पिचकारी मागे ओढते, नळीत लाल रक्त येतं, मगच औषध सुरू होतं. रक्त आलं नाही तर औषध देत नाहीत, आधी कारण शोधतात. वापर नसेल तेव्हाही साधारण चार आठवड्यांनी नळी धुवून हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध भरावं लागतं. आणि घरी थंडी वाजून ताप आला, तर नळीत जंतू शिरल्याची शक्यता धरून सकाळची वाट न पाहता त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.