लेबल नीट, तर पार्सल थेट!

मैत्रिणींनो, आपल्या मुळशीत आता पुष्कळ घरांतून पार्सलं निघतात. इंद्रायणी तांदूळ, नाचणीचे पापड, कुरडया, दिवाळीचा फराळ. पूर्वी पौडच्या बाजारापर्यंतच जाणारा माल आता नागपूर-दिल्लीपर्यंत जातो. माल चोख असतो, पॅकिंगही मजबूत. दुर्लक्ष होतं ते वरच्या चिठ्ठीकडे, म्हणजे लेबलकडे.

आमच्या गटातल्या एका ताईंनी नागपूरला फराळ पाठवला. खोकं आधी वापरलेलं, त्यावरचं जुनं लेबल तसंच. वाटेत यंत्राने जुनाच बारकोड वाचला. पार्सल भलतीकडे फिरून तुळशीच्या लग्नानंतर घरी परत! चकल्या मऊ, करंज्या खवट. साडेसातशे रुपये तर गेलेच, पण कायमचं गिऱ्हाईकही तुटलं. ताई म्हणाल्या, "पहाटे चारला उठून तळलं होतं हो सगळं." ते ऐकून वाटलं, हे सगळ्यांना सांगायलाच हवं.

आधी पत्ता. पिनकोडची पद्धत आणली ती आपल्याच मराठी माणसाने. केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावं, त्यात नाना भाषांमधली अक्षरं, म्हणून आकड्यांचा आधार घेतला. पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाची जिल्हावार वाटणी होते, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. आपल्याच तालुक्यात हिंजवडीचा पिन ४११०५७ आणि पौडचा ४१२१०८. एक आकडा चुकला की पार्सल दुसऱ्याच वाटेला लागतं. म्हणून पिनकोड गिऱ्हाइकाला विचारूनच लिहा, अंदाजाने नको. सोबत मोबाइल नंबर आणि जवळची खूण हवीच.

आता बारकोड. स्कॅनरचा प्रकाश काळ्या रेघांत शोषला जातो आणि पांढऱ्या जागेवरून परत येतो. त्या फरकावरून यंत्र नंबर ओळखतं. म्हणजे रेघा ठळक, सपाट आणि स्वच्छ हव्यात, आणि दोन्ही बाजूंना थोडी कोरी जागा हवी. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं आहे:

- लेबल खोक्याच्या सगळ्यात मोठ्या, सपाट बाजूवर लावा. कडेवर दुमडलं किंवा जोडावर आलं की रेघा तुटतात.
- जुनी लेबलं, जुने बारकोड काढून टाका. निघत नसतील तर जाड काळ्या पेनाने पूर्ण खोडा.
- प्रिंट लहान करू नका. पांढऱ्या कागदावर काळीच शाई हवी. लाल रेघा स्कॅनरच्या लाल प्रकाशात दिसतच नाहीत.
- बारकोडवर चकचकीत चिकटपट्टी नको, तिच्यावरून प्रकाश चमकतो. पट्टी कागदाच्या चारी कडांना लावा.
- पोस्टात चिकटवलेल्या बारकोडवर काही लिहू नका, सुतळीही त्यावरून बांधू नका.
- दुकानातल्या पावतीसारखा गुळगुळीत कागद असेल तर तो उष्णतेने छापलेला असतो. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला तर काळा पडतो.
- तेलकट, हळदीच्या हाताने लेबल लावू नका. आधी हात धुवा, खोकं कोरडं पुसा.

आपल्याकडचा पाऊस तर तुम्हाला ठाऊकच आहे. जूनपासून हवेतच इतका ओलावा की कागद आपोआप सुटतो. त्या दिवसांत लेबल पारदर्शक पाकिटात सपाट ठेवून ते पाकीट चिकटवा. शाईच्या पेनाऐवजी बॉलपेन वापरा. आणि आठवणीने एक काम करा. दोघांचे पत्ते आणि फोन लिहिलेली एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाका. वरचं लेबल गळून पडलं तरी खोकं उघडल्यावर मालक सापडतो.

वाड्या-वस्त्यांवरच्या घरांना धड घरनंबर नसतो, ही आपली जुनीच अडचण. टपाल खात्याने २०२५ मध्ये 'डिजिपिन' आणला आहे. दहा अक्षर-अंकांचा हा कोड साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनापर्यंत जागा दाखवतो. पिनकोड सोडायचा नाही, पण घरातल्या मुलांकडून मोबाइलवर आपला डिजिपिन काढून तर ठेवा.

पार्सल द्यायच्या आधी लेबलचा मोबाइलवर फोटो काढा आणि पावती जपून ठेवा. उद्या चौकशीची वेळ आली तर नंबर हाताशी असेल. पाच मिनिटांचं काम आहे, पण आठवड्याची मेहनत त्यावरच अवलंबून असते.